कुंपणावरचा लाल परकर

किलडॅरा, जि. लिमरिक
सोमवार, ८ फेब्रुवारी १९७१

येशू, मरिया, योसेफ

चि. सबिना हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल, रविवार दि. ७ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, किलडॅराच्या पॅरिश हॉलमध्ये, दीडशे माणसांदेखत माझ्यावर अन्याय झाला. वेळ अगदी बरोबर आहे. शेहेचाळीस वर्षं पोस्टात काढलेली बाई काहीही घडलं की आधी घड्याळाकडे बघते.

हॅसेट मास्तरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की ईस्टरला स्मारकाचा दगड उभा राहील. त्यावर एकवीस सालच्या तुकडीतल्या चौदा जणांची नावं येतील आणि त्यांच्याखाली पंधरावं नाव, ज्या अठरा वर्षांच्या मुलीने धोक्याची खूण म्हणून कुंपणावर लाल परकर वाळत घालून त्या चौदा जणांचे प्राण वाचवले तिचं. सबिना क्रेगन, माहेरची हार्टिगन. टाळ्या झाल्या. तू उठलीस, हातमोजा डोळ्याला लावलास आणि बसलीस. तुझ्यामागे तिसऱ्या रांगेत मी होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस.

बाई, तो परकर माझा होता! आता तो काचेच्या पेटीत ठेवलाय आणि खाली तुझं नाव लिहिलंय. उजव्या बाजूला जे ठिगळ दिसतं ते मी घातलेलं आहे. सिस्टर गोन्झागांच्या शिवणाच्या तासाला. त्या ठिगळाबद्दल मला शाबासकी मिळाली होती आणि तू त्या वेळी बाकाखाली मुरंबा खात होतीस.

मास्तरांनी सगळा इतिहास सांगितला. सतरा साली पोरं हर्लिंगच्या खेळाच्या काठ्या बंदुकीसारख्या खांद्यावर टाकून ओ'ब्रायनांच्या माळावर कवायत करायची आणि गाव हसायचं. एकोणीस साली त्यांनी प्रजासत्ताकाची शपथ घेतली. वीस साली ठाणी जाळली, मग इंग्रज सरकारने काळ्या-खाकी कपड्यातले भाडोत्री शिपाई धाडले आणि पोरं घरं सोडून डोंगरात गेली. बंदुका थोड्या, गोळ्या त्याहून थोड्या, म्हणून आपल्या पोरांच्या सेनेचं, आयआरएचं, खरं हत्यार माहिती हेच होतं, असं मास्तर म्हणाले. मी मान डोलावली. मला वाटलं, आता पोस्टाचं निघेल. निघाला तो तुझा परकर.

तुकडी क्रेगनांच्या कोठारात आहे हे पोलिसांना कळलंय, ही बातमी तुला कोणी दिली? परकराने दिली?

बारा जण वारले, दोघे अमेरिकेत आहेत आणि त्यांनाही माझं काम ठाऊक नव्हतं. तुकडीच्या म्होरक्याचा, कॉन शीहीचा, नियमच तसा होता. प्रत्येकाने फक्त पुढच्या माणसाला ओळखायचं. कॉन गेला, तुझा टाइग गेला. मी त्या पोस्टात काय करत होते हे जगात आता एकट्या तुला ठाऊक आहे. तेव्हा समितीला दोन ओळी लिहून पाठव, खाली सही कर. शेवटची बैठक रविवारी दि. २८ ला, अकराच्या मिस्सेनंतर आहे. सोमवारी १ मार्चला पाथरवट नावं कोरायला घेणार.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी माझा मुद्दा विसरते.

एथनाला आशीर्वाद सांग. तुझ्यावर लोभ आहे. सध्या तो कुठे ठेवलाय ते शोधावं लागेल.

तुझी,
लेलिया


लिमरिक शहर
शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर सेंट अँथनीचं नाव घातलं होतंस, त्यामुळे ते वाटेत हरवलं नाही. हरवलं असतं तरी चाललं असतं, असं मनात येऊन गेलं. रागावू नकोस.

माझा गुडघा थंडीने फार दुखतो. एथना म्हणते, आई, तू मिस्सेला बसूनच प्रार्थना कर, देव काही हजेरी घेत नाही. तिच्या धाकटीला कॉन्व्हेंटात घातलंय. पण आता तिथे बोटांवर पट्टी मारत नाहीत. तिचं अक्षर बघून सिस्टर गोन्झागा कबरीतून उठून येतील.

परकर तुझा होता, कबूल. ठिगळही तुझं. मुरंबा मात्र मी एकटीने नाही खाल्ला. पेटीवरची चिठ्ठी बदलायला मी हॅसेट मास्तरांना आजच लिहिते. हवं तर लिही म्हणावं, की परकर लेलिया हार्टिगन यांचा, वाळत घालणारी सबिना. माझी हरकत नाही.

पण पोस्टाबद्दल मी काही लिहून देणार नाही. ताई, ते राहू दे. मागे वळून पाहिलं नाही म्हणालीस. तू तिथे आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच नाही पाहिलं. दगडावर आणखी एक नाव आलं काय आणि न आलं काय, त्या दगडाशी आपण दोघी किती दिवस उभ्या राहणार आहोत? तू दुसरं काहीही माग. आईची चांदीची जपमाळ माझ्याकडे आली म्हणून तेहतीस सालापासून धुसफुसते आहेस, ती पाठवते. खरंच पाठवते.

काही गोष्टी आपण शपथेवर गप्प ठेवल्या. त्या तशाच असू देत.

तब्येतीला जप. राग थोडा कमी आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझीच,
सबिना


किलडॅरा
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९७१

येशू, मरिया, योसेफ

चि. सबिना हिस आशीर्वाद. वि. वि.

जपमाळ मिळाली. ठेवून घेतली आहे. तिने काही मिटलेलं नाही.

शपथेचं मला सांगू नकोस. शपथ मीही घेतली होती आणि तुझ्याआधी तीन महिने. तुझी शपथ स्वयंपाकघरात आईसमोर झाली, आईने तुला केक दिला. माझी पोस्टाच्या मागच्या खोलीत कोळशाच्या पोत्यांमध्ये झाली. कॉन शीही म्हणाला, की तुझं कौतुक कधी होणार नाही, कारण ते झालं तर तू पकडली गेलीस असं समजायचं. वीस वर्षांच्या मुलीला ते फार थोर वाटलं. सत्तर वर्षांच्या बाईला वाटत नाही.

तू विसरली असशील तर आठवण करून देते. डाकेची पिशवी साडेसातला यायची. ठाण्याची पत्रं न्यायला शिपाई बरोबर नऊला यायचा. तेवढ्यात पोस्टमास्तरीणबाई मिस्सेहून परत यायच्या आत मी किटली चढवायची, पाकिटाचा जोड वाफेवर धरायचा, विणायची सुई आत सरकवून तो उलगडायचा. मजकूर तारेच्या कोऱ्या कागदामागे उतरवायचा, पत्र होतं तसं चिकटवून परत पिशवीत टाकायचं. साडेआठला तू अंड्यांची टोपली घेऊन यायचीस आणि कागद अंड्यांखाली घालून न्यायचीस. हे मी दीड वर्षं केलं. पकडले गेले असते तर मला तुरुंगात टाकलं असतं, नाहीतर त्याहून वाईट. तू पकडली गेली असतीस तर अंडी फुटली असती.

आता गुरुवार, १० फेब्रुवारी १९२१. सार्जंटच्या नावाने निनावी पत्र. मजकूर मला अजून पाठ आहे. क्रेगनांच्या कोठारात चौदा जण आहेत, शुक्रवारी पहाटेपर्यंत असतील, मागच्या ओढ्याने या. मी काय केलं ठाऊक आहे? कॉनचा नियम होता, की नक्कल मोठ्या सुट्या अक्षरांत करायची, म्हणजे कागद सापडला तरी हात कोणाचा ते कळू नये. तो नियम बाकीच्यांसाठी ठीक होता. मी नुसता मजकूर नाही उतरवला, मी अक्षरही उतरवलं. वळण, तिरकेपणा, शब्दांतली दाटी, सगळं. सिस्टर गोन्झागांनी आठ वर्षं आपल्याकडून कित्ते गिरवून घेतले ते काय वाया घालवायचे होते? कॉनला मजकुराबरोबर माणूसही मिळावा, अशी माझी हौस. तसं काम साऱ्या परगण्यात दुसरं कोणी केलं नसतं. आणि त्याला साक्षीदार कोण, तर तू. आणि तू मला जपमाळ पाठवतेस.

मला ठाऊक आहे तू का लिहीत नाहीस. पंधरावं नाव एकटं शोभतं. सोळावं आलं की लोक विचारतील, मग या धाकटीने नक्की केलं काय? कपडे वाळत घातले. ते तर सगळ्याच बायका घालतात. लहानपणापासून तुझं असंच. नाताळच्या नाटकात मला मेंढी केलं आणि तुला देवदूत, कारण तुझे केस पिवळे. संवाद सगळे मी पाठ करून घेतले होते. टाइग पहिल्यांदा आपल्या घरी आला तो मला भेटायला आला होता. हे मी पन्नास वर्षांत एकदाही बोलले नाही, आज लिहिते आहे.

तू नाही लिहून दिलंस तरी मी गप्प बसणार नाही. रविवारी २८ ला बैठकीत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. पत्र, किटली, सुई, माझं अक्षर, सगळं. हॅनी मॅडिगनला सांगून ठेवलंय, की माझ्या शेजारी बस. काय बोलणार ते सांगितलेलं नाही. ती म्हणाली, लेली, तू बोलणार असशील तर मी टोपी घालून येते.

हॅनीबद्दल तुला काय ठाऊक असणार म्हणा. त्या साली डेनिसला, तिच्या भावाला, आपल्याच पोरांनी हेर म्हणून मारलं. तेव्हापासून देवळात तिच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. मी बसले. खरं कारण सांगते, उरलेल्या सगळ्या बाकांवर तुझं कौतुक चालायचं. मग सवय झाली. आता दर रविवारी ती माझ्याकडे जेवते. खोगिरांचं दुकान मोडलं, शिवणकामावर जगली, कोणाबद्दल वाईट बोलली नाही. फक्त डेनिसच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर एकच वाक्य म्हणते, की मी त्यांना सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते मी विचारत नाही. प्रत्येकीला आपलं एक बंद पाकीट ठेवू द्यावं.

तुझ्या गुडघ्याला मोहरीचा लेप लाव. माया आहे म्हणून सांगते, क्षमा केली म्हणून नव्हे.

लेलिया


लिमरिक शहर
शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज डेनिस मॅडिगनला जाऊन पन्नास वर्षं झाली. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिते आहे. बसून वाच. हॅनी घरात असेल तर ती गेल्यावर वाच.

तू उतरवलेला कागद मी टाइगला दिला, टाइगने कॉनला. मी परकर घातला, तुकडी निघून गेली, शिपायांना कोठारात गवत मिळालं. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण कॉनला पत्र लिहिणारा माणूस हवा होता. तुझी नक्कल सुट्या अक्षरांत असती तर त्याला तो कधीच मिळाला नसता. तू अक्षर काढून दिलंस, म्हणून त्याने गावभरच्या पावत्या, बिलं, चिठ्ठ्या गोळा केल्या आणि तुझ्या कागदाशेजारी ठेवून पाहिल्या. मॅडिगनांच्या दुकानाचं एक बिल जुळलं. लगामाच्या दुरुस्तीचं बिल होतं. ओळीखाली उतरणाऱ्या अक्षरांच्या शेपट्या बिशपच्या दंडासारख्या डावीकडे वळलेल्या, टोकाला बारीक गाठ. दोन्ही कागदांवर तशाच.

नऊ दिवसांनी, दूध काढायच्या वेळी, ते डेनिसला न्यायला गेले. टाइग दाराशी पहाऱ्याला होता. हॅनीने सांगितलं, बिलं मी लिहिते, डेनिसला सहीपलीकडे लिहिता येत नाही. ताई, तिने तेच सांगितलं होतं त्यांना. कॉनला वाटलं, बहीण भावाला वाचवायला बघते आहे. तो म्हणाला, की हार्टिगनांच्या धाकटीने आणलेला कागद खोटं बोलत नाही. मग ते त्याला घेऊन गेले. डेनिस ओढ्याजवळ सापडला, छातीवर हेर लिहिलेला पुठ्ठा होता.

हे दारातलं बोलणं मला टाइगने अठ्ठावन्न साली दवाखान्यात सांगितलं, जायच्या आधी चार दिवस. तोवर मी डेनिसला हेरच समजत होते. त्याला पुरून आल्यावर त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मला तो कागद मिळाला. तारेचा कागद, मागे तुझं लिखाण. पहिल्या तीन ओळी कुणा परक्याच्या आहेत. उजवीकडे झुकलेल्या, दाटीवाटीच्या. तू छानच उतरवल्यास. चौथ्या ओळीपासून ताई, तू आहेस. साडेआठ वाजत आले असतील, घाई झाली असेल. शेपट्या सिस्टर गोन्झागांच्या आहेत. तुझ्या, माझ्या, हॅनीच्या. पट्टी खाऊन खाऊन वर्गातल्या तीसही जणींना तीच शेपटी आली. कॉन मुलांच्या शाळेत शिकलेला. त्याला कुठून कळणार?

खरं पत्र कोणी लिहिलं ते कधीच कळलं नाही.

हॅनीला एवढंच ठाऊक आहे, की तो कागद माझ्या हातून आला. म्हणून ती मला पन्नास वर्षं ओळख देत नाही. टाइगची अंत्ययात्रा तिच्या दारावरून गेली तेव्हा तिने खिडकीची फळी लावून घेतली. तू मला म्हणाली होतीस, की शहरात राहून मी शेफारले म्हणून गावच्या बायका तुटक वागतात. मी म्हटलं, असेल. ती तुझ्या शेजारी बसते हे मला एथनाकडून कळलं, तेव्हा मी देवाचे आभार मानले, की तिला निदान कोणीतरी आहे, आणि ती तू आहेस. पुढे दर रविवारी जेवायला येते असं कळलं, त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही.

टाळ्या मला आवडल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ते नाव घेताना जे सोबत आलं तेही मी घेतलं. अर्धं परत करता येत नाही, ताई. तू रविवारी उभी राहून किटली, सुई, अक्षर सगळं सांगितलंस, तर हॅनी तुझ्या शेजारी टोपी घालून बसलेली असेल. तिला वाचता येतं आणि हिशेबही जुळवता येतो.

म्हणून मी लिहून देत नव्हते. आणि टाइग तुला भेटायलाच आला होता, हे त्यानेच मला लग्नाआधी सांगितलं होतं.

माझ्यावर रागव. पण तोडू नकोस.

तुझी,
सबिना


किलडॅरा
मंगळवार, २३ फेब्रुवारी १९७१
राखेच्या बुधवारची पूर्वसंध्या

येशू, मरिया, योसेफ

चि. सबिना हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी, दि. २० ला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळालं. तीन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. आधी वाटलं, तू हे सगळं मला गप्प करायला रचलंस. तू देवदूत झाली होतीस तेव्हापासून तुझ्या चेहऱ्यावर माझा विश्वास नाही.

रविवारी मिस्सेला हॅनीशेजारी बसले. डेनिसच्या पन्नासाव्या वर्षाची स्मरणपत्रिका तिने पुस्तकातून काढून माझ्याकडे सरकवली. मागे तिने हाताने लिहिलं होतं, माझ्या भावासाठी प्रार्थना करा. घरी येऊन मी ती टेबलावर ठेवली. शेजारी तुझं पत्र. शेजारी माझी पोस्टाची जुनी वही. भिंग घेतलं. तिन्ही कागदांवर तीच शेपटी, डावीकडे वळलेली, टोकाला गाठ. शेहेचाळीस वर्षं मी साऱ्या गावाचं अक्षर पाकिटावरून ओळखत होते. माझं आणि हॅनीचं एकसारखं आहे, हे मला कधी दिसलं नाही. आपलंच अक्षर कोण बघतं?

जेवताना हॅनी म्हणाली, की मीठ कमी झालंय, लेली, तुझं लक्ष कुठे आहे. मी तिला म्हटलं, डोकं दुखतंय.

आता मी तुला काय लिहू? मला वाटलं होतं, की हे वाचून मला तुझ्याबद्दल दया येईल. आली. पण तिच्यामागून दुसरं काहीतरी आलं, ते तुला कळलंच पाहिजे. मला तुझा राग आला. परकर माझा घेतलास. नाव माझं घेतलंस. माणूस घेतलास, आणि तो माझा होता हे ठाऊक असून घेतलास. आणि आता कळतं, की माझं पापही तूच घेऊन बसली होतीस! हॅनीने फळी लावली ती तुझ्या तोंडावर लावली, माझ्या तोंडावर लावायला हवी होती. तू शहरात जाऊन माझी शिक्षा भोगत होतीस आणि मी इथे तिला मटण वाढत होते, आणि स्वतःला फार चांगली बाई समजत होते. कोणी सांगितलं होतं तुला? मला विचारलं होतंस? लहान बहिणीने मोठीला न विचारता काही घ्यायचं नाही, हा आपल्या घरचा नियम होता, आणि तू तो एकदाही पाळला नाहीस.

ते माझं आहे. मला परत हवं.

रविवारच्या बैठकीत मी उभी राहणारच. पण आता दुसरं सांगायला. डेनिस मॅडिगनने ते पत्र लिहिलं नव्हतं, हे मास्तरांसमोर, सगळ्या गावासमोर. त्या हॉलमध्ये परवा कोणीतरी म्हणालं, की उत्तर आयर्लंडातल्या पोरांनी पुन्हा तेच मार्ग धरलेत ते बरं झालं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांनाही ऐकू दे, की त्या मार्गावर एक लगामाचं बिल पुरावा म्हणून पुरलं होतं.

पण सगळ्यांच्या आधी हॅनीला सांगायचं आहे. उद्यापासून उपवास, म्हणून आता संध्याकाळी ती पॅनकेक खायला येईल. आज मी काही बोलणार नाही. एकदा तिने तोंडाने खरं सांगितलं आणि कोणी मानलं नाही. मी तिला नुसतं तोंडाने सांगणार नाही. तिच्यापुढे कागद ठेवणार. तो कागद तुझ्याकडे आहे.

तेव्हा मी पुन्हा तेच मागते आहे, जे पहिल्या पत्रात मागितलं होतं. दोन ओळी लिहून, खाली सही करून पाठव. फक्त मजकूर बदलला आहे. लिही, की दि. १० फेब्रुवारी १९२१ ची ही नक्कल माझी बहीण लेलिया हार्टिगन हिच्या हातची आहे, शेपट्या तिच्या आहेत, आणि मी ती फक्त अंड्यांखाली घालून नेली. सोबत तो तारेचा कागद. रजिस्टर पोस्टाने पाठव. पाकीट नीट चिकटव, हल्लीच्या पोरी वाफ दिसली तरी ओळखत नाहीत.

दगडावर माझं नाव नको. तुझं असू दे. हे लिहिताना अजूनही पोटात दुखतं, ते तुझ्यापासून लपवत नाही.

हॅनीला मी येत्या रविवारी आठलाच बोलावलंय, मिस्सेआधी तो कागद तिच्यापुढे ठेवायला; ती मला न्यायला येईल, टोपी घालून. त्यानंतर ती माझ्या बाकावर बसेल की नाही, ठाऊक नाही. न बसली तर निदान ज्या बाईशेजारी बसायचं नाही ती तरी खरी असेल.

माझा लोभ तुझ्यावर होता, आहे, आणि तोही मी तुझ्याकडे मागणार नाही, तेवढा ठेवून घे. बाकी माझं जे आहे ते लेखी, सहीनिशी, शनिवार दि. २७ फेब्रुवारीच्या सकाळच्या पहिल्या डाकेने माझ्या हातात पडलं पाहिजे. साडेसातला मी दारात उभी असेन.

लेलिया